चार खेपा, एक कमाई

मोटारगाडी आतां घरोघरीं आली; परंतु तिच्या झांकणाखालीं काय चालतें असें विचारल्यास "तें गॅरेजवाल्यास ठाऊक" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. ज्या यंत्रावर विसंबून आपण मुलांबाळांसह प्रवास करतों, त्याची इतपत तरी ओळख घरांतील सर्वांस असावी असें आम्हांस वाटतें.

पेट्रोलच्या इंजिनांत एक गुळगुळीत, पोकळ नळकांडें असतें. त्यास सिलिंडर म्हणतात. त्यांत पिस्टन, म्हणजे दट्ट्या, पिचकारींतल्याप्रमाणें वरखालीं सरकतो. माथ्यावर झडपा असतात. दट्ट्या पहिल्या खेपेस खालीं येतो, तेव्हां हवा व पेट्रोलचे तुषार आंत येतात. दुसऱ्या खेपेस झडपा मिटून दट्ट्या वर जातो आणि तें मिश्रण सुमारें दहाव्या हिश्श्याइतक्या जागेंत दाबलें जातें. तोंच प्लगची ठिणगी पडते; मिश्रण पेटतें, आणि तापून फुगलेला वायु दट्ट्यास जोरानें खालीं ढकलतो. ही तिसरी खेप. चौथ्या खेपेस दट्ट्या वर येऊन जळका वायु बाहेर घालवितो. पायानें चालवावयाच्या शिवणयंत्रांत पावलांची वरखालीं हालचाल चाक फिरविते, त्याच रीतीनें दट्ट्या गाडीचा दांडा फिरवितो.

सन १८७६ मध्यें जर्मनींत निकोलाउस ओटो यांनीं असें चार खेपांचें इंजिन चालवून दाखविलें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ मध्यें आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. परंतु ती दूरच्या प्रवासास उपयोगी पडते हें सिद्ध केलें त्यांच्या पत्नी बेर्टा यांनीं. ऑगस्ट १८८८ मध्यें पतीस न सांगतां, दोन मुलगे बरोबर घेऊन, त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. वाटेंत इंधन संपत आलें, तें त्यांनीं औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें!

चार खेपांपैकीं मिळवती खेप एकच, हें ध्यानांत धरावें. उरलेल्या तीन, दांड्यावरील जड चाकानें सांठविलेल्या वेगावर पार पडतात. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हा हिशेब नवा नाहीं. एक मिळविणारा व तिघे खाणारे असें वरवर दिसतें खरें. पण हवा घेतली नाहीं, दाबली नाहीं, वा धूर काढला नाहीं, तर मिळवत्यास मिळवितां येईल काय?

या चौथ्या खेपेकडे दुर्लक्ष झालें तर मात्र प्रसंग जिवावर बेततो. बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड हें विष असतें. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तें प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतें. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें. झोंपलेल्या माणसास तेवढीहि सूचना मिळत नाहीं. नव्या गाड्यांच्या नळींत धूर शुद्ध करणारें साधन असतें. परंतु तें तापेपर्यंत त्याचें काम नीट होत नाहीं. म्हणून बंद गॅरेजांत इंजिन क्षणभरहि चालूं ठेवूं नये. दार किलकिलें ठेवणें पुरेसें नाहीं. थंडीच्या रात्रीं कांचा लावून, इंजिन चालूं ठेवून, गाडींत कोणी झोंपूं नये.

इंजिन आपला धूर बाहेर टाकतें. तो मोकळ्या हवेंत जाईल एवढें पाहणें हें आपलें काम. आमच्या वाचकांनीं हें आजच घरांतील लहानथोरांस समजावून सांगावें, इतकीच विनंती.