गुरुजींना कोण विचारणार?

मार्च 2020. सौदी अरेबियातून परतलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कुटुंबातले चार जण कोरोनाबाधित निघाले. आठवडाभरात आकडा विसाच्या पुढे गेला. राज्यभरातल्या वाहिन्यांवर इस्लामपूरचा वाळवा तालुका झळकला आणि शेजारच्या आष्ट्याच्या पेठेत शुकशुकाट पसरला. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला, तो कायमचाच.

या भागातल्या मुलांसाठी ते एकच संकट नव्हतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं होतं. नदीकाठच्या गावांत दप्तरं भिजली, वर्गखोल्यांत चिखल साचला. तो धुऊन शाळा भरते न भरते तोच कोरोना आला आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मुलं तर टाळेबंदीत फडातच अडकली. त्यांना गावी परतण्याची परवानगी एप्रिल 2020 च्या मध्यावर मिळाली. एवढं सगळं सोसलेल्या मुलांकडे शाळा उघडल्यावर यंत्रणेने काय पाहिलं? वाचन येतं का, बेरीज-वजाबाकी येते का. तेही पाहायलाच हवं होतं. पण रात्री झोप लागते का, घरात कोण गेलं, हे विचारण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

मुलांच्या मनात काय चाललं होतं, ते एनसीईआरटीच्या पाहणीतून पुढे आलं. 2022 च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 79 हजार मुलांना प्रश्न विचारले गेले. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं मोठं कारण असल्याचं 81 टक्के मुलांनी सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांना ऑनलाइन धडे जड गेले होते. वडील फोन खिशात घालून रानात गेले की ते परत येईपर्यंत शाळा बंद, ही खेडोपाडीची तेव्हाची रीत. 2021 मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली, निकाल 99.95 टक्के लागला आणि पुढची कितीतरी वर्षं ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवलं जाणं त्या मुलांच्या वाट्याला आलं.

आणि शिक्षक? ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं शासन म्हणत होतं, तेव्हा शिक्षकांच्या ड्यूट्या तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, विलगीकरण कक्षांत लागत होत्या. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. एका हातात थर्मल गन, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर घेऊन गुरुजी दारोदार फिरले. उंबऱ्याआडून कुणी बोलायचं, कुणी दारच लावून घ्यायचं. संध्याकाळी घरी आल्यावर अंगणातच कपडे बदलून, म्हाताऱ्या आईवडिलांपासून लांब बसून त्यांनी व्हॉट्सॲपवर स्वाध्याय पाठवले. राज्यात अनेक शिक्षकांचा या काळात जीव गेला. त्यांचे सहकारी नंतर त्याच स्टाफरूममध्ये, रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तास घेत राहिले. भरपाईच्या फायली फिरल्या. मनाची चौकशी मात्र झाली नाही.

केंद्र सरकारने मानसिक आधारासाठी जुलै 2020 मध्ये ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला, 2022 पासून ‘टेलिमानस’ची 14416 ही हेल्पलाइनही आहे. चांगली सोय आहे. पण चौथीतलं पोर स्वतःहून हेल्पलाइनला फोन लावणार नाही आणि ‘सरांना वेड लागलं’ अशी चर्चा होईल या धास्तीने शिक्षकही बहुधा लावणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. इथेच खरी अडचण आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेने तज्ज्ञ कुठून शोधायचा?

उत्तर आपल्याच रचनेत आहे. राज्यात आठ-दहा शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतो, शिक्षण परिषदा होतात. त्या केंद्रालाच एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक द्यावा. ठरलेल्या वारी त्याने शाळेत यावं, मुलांशी बोलावं आणि शिक्षकांनाही वेळ द्यावा. शिक्षकाने सांगितलेलं मुख्याध्यापकापर्यंत किंवा गोपनीय अहवालापर्यंत जाणार नाही, याची लेखी हमी हवी. नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही. हे काम एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून मारू नये. पुढची साथ किंवा पूर आला आणि गुरुजींच्या हाती सर्वेक्षणाचा आदेश पडला, तर त्याच आदेशावर त्यांच्या समुपदेशकाचं नाव आणि भेटीचा वार छापलेला असावा.