रेस्पिरेटरी थेरपीला जाण्याआधी

बारावी सायन्सचा निकाल लागला आणि एमबीबीएसचं जमत नाही हे कळलं, की आपल्या घरांत नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन ही नावं एका दमात घेतली जातात. रेस्पिरेटरी थेरपीचं नाव क्वचितच निघतं. कोविडमध्ये व्हेंटिलेटर हा शब्द दादी-नानींच्याही तोंडी आला. पण त्या यंत्रापाशी रात्रभर कोण उभं असतं, हे फारसं कुणाला कळलं नाही. "मशीन चालवणारा" एवढीच समजूत. ती घेऊन या अभ्यासक्रमाला गेलेला विद्यार्थी पुढे अडतो.

गणितापासून सुटका म्हणून बायोलॉजी घेणाऱ्यांनी तर हे आधीच ऐकावं. एका श्वासात रुग्णाला किती हवा द्यायची, हे उंचीवरून काढतात. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत. समजा, एका बाईंची उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 80 किलो आहे. उंचीच्या सूत्राने हिशेबाचं वजन येतं सुमारे 45 किलो. किलोमागे 6 मिलिलिटर धरले तर 270 मिलिलिटर. काट्यावरचं वजन धरलं तर 480. ही जास्तीची हवा आजारी फुफ्फुसाला इजा करते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फुफ्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांना 12 ऐवजी 6 च्या हिशेबाने हवा दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 वरून 31 टक्क्यांवर आलं. फरक फक्त आकड्याचा होता.

इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकातच रक्ताचा हृदयातून फुफ्फुसांकडे आणि परत असा प्रवास मांडला, हे आपली मुलं भाषणात अभिमानाने सांगतात. जरूर सांगावं. मात्र त्यासोबत फुफ्फुसाची आकृतीही न बघता काढता यायला हवी.

दुसरी तयारी घरीच होते. शांत बसलेल्या माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. त्याला सांगू नका, कारण सांगितलं की श्वास बदलतो. मानेचे स्नायू ओढले जातात का, बोलताना वाक्य तुटतं का, हेही पाहा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर थंड हातावर किंवा नेलपॉलिशवर चुकू शकतं, म्हणून नजर आधी चेहऱ्यावर हवी.

आणि भाषा. कुणी "धाप लागते" म्हणेल, कुणी "सांस फूलती है", कुणी "छातीवर दगड ठेवलाय". हे सगळं कळायला हवं. घशात नळी असलेल्या रुग्णाला तर बोलताच येत नाही, कारण ती स्वरतंतूंच्या मधून जाते. त्याला हो-नाही विचारता येईल असे प्रश्न करावे लागतात. उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या मुलांचं इथे फार काम आहे.

रमजानचंच घ्या. दम्याचे कितीतरी रुग्ण रोजा तुटेल म्हणून पंप बंद करतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. थेरपिस्टने फतवा द्यायचा नसतो. त्याने न लाजता विचारायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. काही औषधांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवता येतात. आलिमांना विचारायचं असेल तर रुग्णाने रमजानच्या आधी विचारावं. दम लागल्यावर मात्र पंप थांबवायचा नाही.

मुलींच्या पालकांनी रात्रपाळीचा प्रश्न प्रवेशाआधीच बोलून घ्यावा. आयसीयूत रात्रपाळी असतेच आणि हात धुताना बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात. तिसऱ्या वर्षी हे कळून मुलीचं शिक्षण थांबवणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पदवी अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपसह चार वर्षांचा असतो. सहा महिन्यांत "व्हेंटिलेटर टेक्निशियन" करून देणाऱ्या पाट्यांना भुलू नका. अशा क्षेत्रांसाठी 2021 साली केंद्राने कायदा केला आहे. फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा, इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आणि तिथे आयसीयूचे बेड किती. उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवून घरी या.