उदास नाटकाचं तिकीट

नागपुरात जरीपटक्याहून सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात जायचं, तेही कमरेपर्यंत मातीत रुतलेली बाई बघायला? बेकेटच्या ‘हॅपी डेज’मधली विनी दुसऱ्या अंकात तर गळ्यापर्यंत रुतते. हातसुद्धा हलत नाहीत. उरतात चेहरा आणि आवाज. एवढ्यावर प्रयोग तोलून धरणं कसलेल्या अभिनेत्रीचंच काम. अशी नटी उभी राहणार असेल, तर तिकीट काढावंच.

सहज काढलेलं नाटकाचं तिकीटही आयुष्य बदलू शकतं. १९६५ मध्ये सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून नाटककार महेश एलकुंचवार विजया मेहतांनी बसवलेल्या तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो मी हरलो’ला गेले. दुसऱ्या रात्री पुन्हा गेले. नाटकं लिहायचं ठरलं ते तेव्हाच. ‘गार्बो’, ‘वाडा चिरेबंदी’ ही त्यांची नाटकं त्यानंतरची.

दिवसभर दुकान सांभाळून आलेल्याला विनी जड जाईल, हे खरंच. तरी मध्यंतरात उठू नये; अभिनेत्रीचा कस दुसऱ्या अंकातच लागतो.