एवढंच?

दुर्बिणीला डोळा लावून बाजूला झालेला माणूस पहिला शब्द कोणता उच्चारतो, याची मी अलीकडे मनातल्या मनात नोंद ठेवतो. शनीची कडी पाहिली तर ‘अहाहा!’, चंद्रावरची विवरे पाहिली तर ‘अरे वा!’ आणि एखादी दीर्घिका पाहिली तर हमखास ‘एवढंच?’

हा शब्द माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी फळ्यावर लिहून वर्गाकडे वळलो, की पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत हाच प्रश्न बसलेला असतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे बिऱ्हाड. आपण राहतो त्या बिऱ्हाडाचे नाव आकाशगंगा. अशी आणखी असंख्य आहेत. सप्तर्षींच्या टोकाला मरीची आहे ना, त्याच्यापासून दोन-तीन बोटांवर एक दीर्घिका आहे. पाश्चात्त्यांनी तिला पाण्यातल्या भोवऱ्याचे नाव दिले आहे. छायाचित्रात ती पाहावी! निळसर-गुलाबी, वळणदार बाहू पसरलेली. पण कॅमेऱ्याने ते चित्र तासन् तास प्रकाश साठवून काढलेले असते. आपल्या डोळ्याला अशी शिल्लक टाकता येत नाही. त्याची कमाई हातोहात खर्च! म्हणून लहान दुर्बिणीतून दिसतात ते नुसते दोन धुरकट ठिपके: एक ती, दुसरी तिची शेजारीण.

फ्रान्सच्या मेसिएला ही दीर्घिका १७७३ साली सापडली. पुढे इंग्लंडच्या जॉन हर्शेलने १८ इंची दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्याला मध्यभागाभोवती एक कडे दिसले. वळण दिसले नाही. ते दिसले आयर्लंडच्या लॉर्ड रॉस या हौशी गृहस्थाला, १८४५च्या वसंतात. हौसेला मोल नाही म्हणतात, ते या सरदाराला शोभावे! बर येथल्या आपल्या गढीच्या आवारात भट्ट्या पेटवून, गावच्याच मजुरांना शिकवून, त्याने तांबे आणि कथील यांचा ७२ इंच व्यासाचा, सुमारे ३ टन वजनाचा आरसा ओतला. त्याच वर्षी तिकडे बटाट्याचे पीक सडले, दुष्काळ पडला आणि निरीक्षणे काही काळ मागे पडली. पण त्याने हाताने रेखाटलेले ते वळण राहिले.

गंमत पुढेच आहे. आज अंधाऱ्या रानात १६ इंची दुर्बिणीतून ते वळण अनेक हौशी मंडळींना दिसते. आजचे आरसे अधिक उजळ असतात, हे खरे. पण एकाला दिसले, की काय शोधायचे ते पुढच्यांना कळते, हेही तितकेच खरे.

अशा मोठ्या दुर्बिणी सामान्यांच्या आवाक्यात आणल्या त्या जॉन डॉब्सनने. हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीतले संन्यासी. खिशात पैसा नाही. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची बैठक! १९६७ साली मठ सुटला, तसे ते फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवू लागले.

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याच धर्तीची १६ इंची दुर्बीण तयार केली आहे. गेल्या फाल्गुनातल्या अमावास्येला त्यांनी आम्हा उभयतांना घाटावरच्या एका पठारावर नेले. अर्धा तास मोबाईलसुद्धा उघडू दिला नाही. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. मग आमच्या सौ. शिडीवर चढल्या, पाहिले आणि म्हणाल्या, “एवढंच?”

“वहिनी, तिच्याकडे रोखून पाहू नका. नजर जरा बाजूला ठेवा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, भोवताली असतात.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वरून आवाज आला, “अगं बाई! चकली!”

स्वयंपाकघरातला शब्द खरा, पण रॉसच्या रेखाटनाला याहून नेमके नाव मला सुचले नसते. तो प्रकाश तिथून निघून २ कोटींहून अधिक वर्षे झाली होती.

तेव्हापासून वर्गात ओवी लिहिल्यावर मी तिचा अर्थ लगेच सांगत नाही. थोडा थांबतो, एखादा शब्द बाजूने दाखवतो. सगळ्यांना दिसते असे नाही. पण मागच्या बाकावरचे एखादे डोके वर होते, आणि तेवढ्यावर माझे वर्ष निघते.

मरीचीजवळची चकली दिवाळीच्या संध्याकाळी दिसत नाही; तिच्यासाठी फाल्गुन-चैत्राची वाट पाहावी. पण लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते. दिवाळीला गावी जाणार असाल, तर नऊ-दहाच्या सुमारास दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेला पाहा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या वरच्या अंगाला, देवयानीत, नुसत्या डोळ्यांनाही एक पुसट ठिपका दिसेल. तीही दीर्घिकाच, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. मुले ‘एवढंच?’ म्हणतील. म्हणू द्यावे, फक्त त्यांना लगेच घरात नेऊ नये.