मानवाच्या नावावर कोणाचा गुन्हा?

‘मानवयुग’ हा शब्द अलीकडे विद्वानांच्या लेखणीत चांगलाच रुळला आहे. पृथ्वीच्या थरांवर मनुष्यजातीची खूण उमटली आहे, तेव्हा या काळास तिचेच नाव द्यावे, अशी सूचना पॉल क्रुट्झन व यूजीन स्टोअर्मर या शास्त्रज्ञांनी २००० साली केली. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या संबंधित समितीने अधिकृत भूयुग म्हणून ती फेटाळली. तरी इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य व धर्मचिंतन यांनी हा शब्द आपलासा केला आहे. आमचा आक्षेप शब्दाला नाही. त्याच्या आडून सांगितल्या जाणाऱ्या अर्धवट कथांना आहे. प्रत्येक शास्त्र आपल्या सोयीचा आरंभ निवडते आणि प्रश्न अवघड झाला की कथा आवरती घेते. यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवर या कथा पारखून पाहाव्यात.

भूशास्त्राची कथा भव्य आहे. वणी परिसरातील दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला आणि त्याच्या खडकाची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली. हवा तापविणारा कोळसा आणि त्या हवेत होरपळणारे पीक एकाच जिल्ह्यात नांदतात. परंतु या कथेत कोळशाचा नफा घेणारा आणि शेतात राबणारा मजूर ‘मानव’ या एकाच नावाने नोंदले जातात. भारताचे दरडोई कर्ब-उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा किती अल्प असेल, हे सांगावयास गणिती नको.

इतिहासाची कथा माणसाच्या अधिक जवळ येते. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस अडला, तेव्हा लँकशायरच्या कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज रेल्वे झाली. ती ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. मानवी इतिहास व निसर्गेतिहास यांतील भिंत आता टिकत नाही, असे इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ च्या निबंधात मांडले. ते आम्हांस मान्य आहे. मात्र ‘आपण सारे एक मनुष्यजात’ एवढ्यावरच थांबलो, तर गिरणीमालकाचा नफा आणि शेतकऱ्याचे कर्ज एकाच खात्यावर जमा होते.

कृषिशास्त्र कीड मोजते, अर्थशास्त्र कर्ज मोजते, हवामानशास्त्र पावसाची सरासरी काढते. शासन आत्महत्येच्या प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. बीटी वाणाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, जहाल औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, कर्जाचा धाक: हे सारे एकाच माणसाच्या श्वासात गेले. पंचनामे मात्र निरनिराळ्या दप्तरांत विसावले.

येथे दोन पळवाटा आम्हांस दिसतात. एक म्हणते, सारा दोष हवामानाचा. मग भाव, पतपुरवठा व विषारी औषधांची विक्री यांचा जाब कोणी देत नाही. दुसरी म्हणते, हवामानबदल हे परदेशी खूळ, खरा प्रश्न भावाचा. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. तेथील लोकांना हे खूळ वाटले नसेल. भाव वाढला म्हणून वाहून गेलेली माती परत येत नाही, हेही तितकेच खरे.

धर्मचिंतनही या दोषातून सुटत नाही. ‘माणूस लोभी झाला’ असे प्रवचनातून सरसकट सांगणे सोपे असते. त्याने कोणी दुखावत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पर्यावरणाचे संकट व समाजाचे संकट ही दोन नसून एकच आहे, असे बजावले. त्याचा अर्थ झाडे लावण्यापुरता घेणे म्हणजे त्याची धार बोथट करणे होय.

म्हणून आमचे मागणे असे की, कोणत्याही शास्त्राची कथा ऐकताना, मग ती व्याख्यानात असो, शासकीय अहवालात असो वा प्रवचनात, तीन प्रश्न विचारावेत: केले कोणी, भोगले कोणी आणि भरपाई कोण देणार? ज्या कथेजवळ यांची उत्तरे नाहीत, ती कितीही विद्वत्तापूर्ण असो, तिला अपुरी म्हणण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. यवतमाळच्या शेतकऱ्याला मनुष्यजातीच्या गुन्ह्यात बरोबरीचा भागीदार ठरविण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राला नाही.