पाने वगळून

कायद्याची भाषा रुक्ष असते हे आपण गृहीत धरतो आणि म्हणून ती वाचत नाही. निदान साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हा आळस करू नये. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्याच्या दुसऱ्या कलमात गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे त्या वनस्पतीचे फुलावर वा फळावर आलेले शेंडे. आणि पुढे कंसात, शेंड्यांची सोबत नसेल तेव्हा बिया व पाने वगळून. राळ म्हणजे चरस, तोही निषिद्ध. पान मात्र सुटले. त्या पानाची भांग होते आणि ती केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहते. ‘भांगेत तुळस’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेने भांगेला कधीच बाद ठरवले होते. कायद्याने मात्र एकाच रोपात भांगही पाहिली आणि तुळसही!

हा कंस कोणाच्या लहरीतून आलेला नाही. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये नेमलेल्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. १८९४ च्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने व्यवहारतः काही अपाय होत नाही. संपूर्ण बंदी अनावश्यक आणि अनिष्ट आहे. कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. अर्थात त्या सरकारला महसुलाची काळजी होती, हे विसरण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारून, ऐकून, मग निर्णय घेण्याची रीत तरी त्यात होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भांगेची पाने व्याख्येबाहेर राहिली आणि अशा करारबद्ध देशांना गांजाचा वैद्यकेतर वापर बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. तोवर आपल्याकडे अनेक राज्यांत गांजाची परवानाधारक दुकाने होती. मुदत संपत आली तेव्हा, ऑगस्ट १९८५ मध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि सप्टेंबरच्या मध्यास त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. शतकापूर्वी ज्या प्रश्नाला हजारावर साक्षी लागल्या, तो चार आठवड्यांच्या आत निकालात निघाला. हे सारे अमेरिकेच्या दबावाने घडले असे सांगण्याची एक प्रथा आहे. दबाव असेलही, पण करारावरची सही आपली होती आणि घाईही आपलीच.

मूळ कायद्यात गांजासाठी कमाल शिक्षा पाच वर्षांची होती. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाची अट कडक केली आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांना थेट मृत्युदंड ठेवला. २००१ मध्ये वजनानुसार पायऱ्या आल्या: एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प’, वीस किलोहून अधिक ‘व्यापारी’, आणि व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे. येथे तो कंस पुन्हा डोके वर काढतो. पकडलेल्या पोत्यात शेंड्यांबरोबर पाने, बिया, देठ सारेच असते. वजन कशाचे करायचे? संपूर्ण पोते तागडीत टाकले तर आकडा वीसच्या वर जातो. शेंडे निवडून काढले तर खालीही येऊ शकतो. या फरकावर माणसाचा जामीन अवलंबून असतो, कारण व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ प्रमाणे आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी आधार आहे, अशी खटल्याआधीच न्यायालयाची खात्री पटावी लागते. हा वाद उच्च न्यायालयांत जामीनअर्जागणिक नव्याने होतो. वकील परवडणारा तो उपस्थित करतो. पोते वाहून नेणारा मजूर कच्चा कैदी म्हणून वाट पाहतो. ‘गांजणे’ या क्रियापदाशी गांजाचे नाते नसावे, पण येथे ते जुळवण्याचा मोह होतो.

आता याच कायद्यातील दुसरी एक चूक पाहा. २०१४ च्या दुरुस्तीत एक नवी व्याख्या घुसवली गेली आणि ‘अवैध व्यापारा’ची जुनी व्याख्या एक क्रमांक खाली सरकली. अशा व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांना शिक्षा सांगणारे कलम २७-अ मात्र जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिले. म्हणजे तब्बल सात वर्षे ते कलम भलत्याच व्याख्येवर टेकले होते. त्रिपुरातील एका आरोपीने हे दाखवून जामीन मागितला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जून २०२१ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती करण्यास सांगितले, सप्टेंबरअखेर वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये संसदेने तो क्रमांक १ मे २०१४ पासूनच बदलला असे मानायचे ठरवले. आरोपीच्या बाजूने पडणारी चूक तीन-चार महिन्यांत पूर्वलक्षी प्रभावाने सुधारते. त्याच्या विरुद्ध पडणारी संदिग्धता दशकानुदशके तशीच राहते. सुधारणेपुढची खरी अडचण मला येथे दिसते.

आंतरराष्ट्रीय कराराची सबब आता जुनी झाली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातील सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. त्या २७ मतांत एक भारताचे होते. बाहेर दिलेल्या मताचा देशांतर्गत कायद्यावर काही परिणाम दिसला नाही. राज्यांचे म्हणावे तर कलम १० त्यांना लागवडीच्या परवान्याचा अधिकार देते. उत्तराखंडने २०१८ मध्ये, मादक घटक नगण्य असलेल्या हेम्पसाठी परवाने सुरू केले. पण अशा परवान्यांचा लाभ कोणाला, हेही विचारायला हवे. ‘विजया’ हे आयुर्वेदिक नाव लावून पानांचे अर्क सुबक बाटल्यांत उजळ माथ्याने विकले जातात, आणि तिकडे कुलूच्या डोंगरात हातावर राळ चोळणारा गुन्हेगार ठरतो. आणि महाराष्ट्रात तर पानही सुटलेले नाही: १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग बाळगणे हाही गुन्हाच आहे.

गांजा निरुपद्रवी आहे असा माझा दावा नाही. कोवळ्या वयात नित्य सेवनाचे मनावर होणारे परिणाम गंभीर असतात, आणि सुधारणावादी मंडळी ते हसण्यावारी नेतात तेव्हा स्वतःचीच बाजू लंगडी करतात. पण सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार देशात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी होते. या दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला कलम २७ सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात पाठवू शकते. त्यांतील ज्याला उपचार हवेत तो रुग्णालयात जाण्याआधी पोलिसांचा विचार करतो. कलम ६४-अ मध्ये उपचार घेणाऱ्याला संरक्षण आहे खरे, पण आधी त्याने स्वतःला व्यसनी म्हणून घ्यायचे. आणि अधूनमधून चिलीम ओढणारा व्यसनी नसल्यामुळेच त्या संरक्षणाबाहेर राहतो.

म्हणून दुकाने उघडा की उघडू नका, या आवडत्या वादात मला तूर्त रस नाही. कलम २७ मधून स्वतःच्या सेवनापुरता गांजा काढून टाकावा, वजन फक्त शेंड्यांचे धरावे असे अधिसूचनेत स्पष्ट लिहावे, आणि कलम ३७ ची अट गांजाला लागू करू नये. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी संसद लागेल. दुसरीसाठी केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरे आहे, आणि तिचा मजकूर चार ओळींहून मोठा होणार नाही.