बेडकाचे घर आणि बेडकाचा घास

मृगाचा पाऊस पडून डबकी भरली की दरवर्षी एक प्रश्न हटकून कानावर येतो. "साहेब, पोरांनी बेडूक धरून बरणीत ठेवला. पाणी घातले, भाताची शितेही टाकली. तरी दोन दिवसांत मेला. असे का?" प्रश्न पोरांचा असला तरी उत्तर सगळ्या घराने ऐकावे. ज्या कारणांनी बरणीतला बेडूक मरतो, त्याच कारणांनी शेतातलाही मरतो.

पहिले कारण कातडीचे. बेडूक आपल्यासारखे तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो. श्वासही फुप्फुसांबरोबर ओल्या कातडीतून चालतो. कातडी सुकली की त्याचा जीव धोक्यात येतो, आणि पाण्यात साबण, मीठ किंवा औषध असले की ते थेट अंगात जाते. बरणीत त्याची स्वतःची घाणच पाण्यात साचते आणि तीच तो पुन्हा शोषतो.

दुसरे कारण घासाचे. बेडकाला हलणारे भक्ष्यच अन्न म्हणून कळते. नाकतोडे, रातकिडे, वाळवी, गांडूळ हा त्याचा आहार. भात-भाकरी समोर पडली तरी तो उपाशीच राहतो.

तिसरे कारण बसण्याच्या जागेचे. मोठ्या बेडकाला पाण्याबाहेर यावे लागते. पाणी खोल आणि कडा गुळगुळीत असली तर पोहणारा बेडूकही दमून बुडतो.

तेव्हा मोठा बेडूक कोंडूच नये. मुलांना नवल पाहायचेच असेल तर आटत चाललेल्या डबक्यातली आठ-दहा शेपटीची पिल्ले पसरट घमेल्यात ठेवावीत. घमेले सावलीत असावे. पाणी त्याच डबक्याचे किंवा विहिरीचे घ्यावे. टीसीएल टाकलेले पाणी लगेच वापरू नये. खायला शेवाळ आणि उकडलेल्या पालकाचा लहान तुकडा पुरतो. उरलेले अन्न रोज काढावे, दर दोन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. पुढचे पाय दिसताच घमेल्यात दगड लावून उतार करावा, नाहीतर पिल्लू बुडते. शेपूट जिरेपर्यंत ते फारसे खात नाही, त्याची काळजी करू नये. त्यानंतर जिथून आणले त्याच डबक्याशी नेऊन सोडावे. दुसऱ्या पाण्यात सोडल्यास एकीकडचा रोग दुसरीकडे जातो. पाण्यात हात घालण्यापूर्वी हात साध्या पाण्याने स्वच्छ धुवावेत, आणि नंतर साबणाने.

आता शेताकडे वळू. बेडूक सगळी कीड संपवतो असे मी म्हणणार नाही. तो मित्रकीटकही खातो. पण रात्री आपण झोपलेले असताना तो बांधाबांधाने किडे टिपत असतो, आणि त्याची मजुरी मागत नाही. पूर्वी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात; त्यासाठी शेतांतून बेडूक पकडले जात. ही निर्यात १९८७ साली बंद झाली. आता त्याला घर देणे आपल्या हाती आहे. त्यासाठी एवढे करावे :

१. फवारणीचा पंप ओढ्यात, डबक्यात किंवा विहिरीशी धुऊ नये. औषधाचे रिकामे डबेही तिथे टाकू नयेत.

२. बांधावरचे सगळे गवत तणनाशकाने जाळू नये. गवताचा एक पट्टा आणि दगडांचा एखादा ढीग राहू द्यावा. उन्हात तेच बेडकाचे छप्पर.

३. उन्हाळ्यात नांगरताना किंवा खणताना मातीत निपचित पडलेला बेडूक निघाला तर तो मेला असे समजू नये. बहुधा झोपलेला असतो. सावलीतल्या ओलसर मातीत त्याला पुन्हा झाकावे.

४. पहिल्या पावसात डबक्यावर पिवळेधमक मोठे बेडूक दिसले तर विषारी समजून मारू नयेत. ते आपल्याच मोठ्या बेडकाचे नर. विणीच्या दिवसांत त्यांना हा रंग चढतो.

५. पाऊस लांबला की काही गावांत धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधतात. रखरखत्या उन्हात त्याची कातडी सुकते. प्रथा पाळायचीच तर मातीचा बेडूक करून बांधावा.

बेडकाला हात लावल्याने चामखीळ येत नाही. मात्र खडबडीत अंगाच्या बेडकाच्या डोळ्यांमागे विषाच्या गाठी असतात. कुत्र्याने तो तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. अशा वेळी तोंड पाण्याने धुऊन काढावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी शेततळ्याबद्दल. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावरून बेडूक चढत नाही, साप चढत नाही, आणि माणूसही चढत नाही. म्हणून चारही बाजूंना काठावरच्या भक्कम खुंट्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधून पाण्यापर्यंत सोडावेत, आणि दोराशेजारी गोणपाटाची पट्टी सोडावी. पट्टीवरून बेडूक वर येईल. दोर घरच्या माणसांसाठी आहे. तळ्याभोवती कुंपण घालावे आणि पोरांना तिथे एकटे जाऊ देऊ नये. हे काम तळे भरण्याआधी, याच आठवड्यात उरकावे.